तांडेलकाकांचा अगस्ती

या शहरात माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी हरिभाऊ तांडेल यांचं नाव घेईन. आणि लगेच हेही सांगेन की हा माणूस लोकांना अमावास्येच्या शुभेच्छा देतो.

थट्टेनं नाही, अगदी मनापासून. दिवाळीत आपण जसा हात पुढे करतो तसा जिन्यात हात पुढे करून ते म्हणतात, "अमावास्या हाय आज. शुभेच्छा!" समोरच्या बाईंच्या हातात दुधाची पिशवी असेल तर त्या ती छातीशी धरतात आणि भिंतीला चिकटून वर सरकतात. काका आपले हसत खाली उतरतात. त्या दिवशी त्यांच्या घरी शिरा असतो. पौर्णिमेला मात्र चेहरा बघवत नाही. "चंद्र उगवला की यांना जेवान जात नाय," असं सुमनकाकू सांगतात. "लग्नात मला कोनी सांगितलंच नाय, की चांदन्यात फिरायला जायचं नसतं म्हनून."

कारण साधं आहे. चंद्र नसला की आभाळ काळं होतं, आणि आभाळ काळं झालं की तारे दिसतात. पण हे कारण सोसायटीला कळायला फार वेळ लागला. अमावास्येची वाट बघणारा, तिन्हीसांजेला घरात लाल बल्ब लावणारा आणि अंधार पडला की एकटाच गच्चीवर जाणारा माणूस नक्की काय करत असेल, याबद्दल सीवूड्सच्या आमच्या चार मजली सोसायटीत एकमत होतं. तळमजल्यावरच्या एका वहिनींनी तर दाराला लिंबू-मिरची बांधली. काकांनी ती पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, लिंबू झकास हाय. पन त्याच्यावरचा बल्ब तेवढा काढा. लय डोल्यात जातो."

लाल बल्बाचंही तसंच. अंधाराला सरावलेला डोळा पांढऱ्या उजेडानं लगेच बिघडतो, लाल उजेडानं बिघडत नाही. म्हणून सात वाजले की तांडेलांच्या घरात सगळं लाल. वरण लाल, भात लाल. टीव्हीवर काकूंनी लाल जिलेटिनचा कागद लावून घेतलाय. त्यांच्या मालिकेतल्या सगळ्या सासवा-सुना त्यामुळे कायम संतापलेल्या दिसतात. कोणी या सगळ्याला वैतागलं की काकांचं एक ठरलेलं वाक्य असतं : "घाई नाय. डोल्याला जरा अंधार दे."

आता गंमत अशी की या माणसानं सारी नोकरी लोकांना उजेड देण्यात घालवली.

काका मूळ कराव्याचे. गावाच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, त्या बदल्यात घरटी एकाला नोकरी, अशा हिशेबानं ते शहर वसवणाऱ्या कचेरीच्या विद्युत विभागात लागले. रस्त्यांवरच्या दिव्यांचे खांब उभे करणं हे त्यांचं काम. पाम बीच रोडचे कितीतरी खांब त्यांच्या देखरेखीखाली उभे राहिले. तेव्हा त्यांना त्याचा मोठा अभिमान होता. एकदा नवे दिवे लागले तेव्हा ते आपल्या वडिलांना मुद्दाम रस्त्यावर घेऊन आले. वडील खाडीत मासेमारी करायचे, होडी हाकायचे. त्यांनी दिव्यांच्या रांगेकडं बघितलं, मग मान वर केली, आणि म्हणाले, "हरी, तुज्या बत्त्यांनी माजं आभाल खाल्लं रं."

"तवा मला राग आला," काका सांगतात. "म्हटलं, म्हातारा अडानी हाय. रिटायर झालो, एक दिवस आपला वर बघितलं, तर वर खरंच काय नव्हतं."

म्हणून निवृत्तीनंतर काकांनी आभाळ शोधायला घेतलं. वडील तोवर गेले होते, त्यांना ठाऊक असलेलं आभाळ त्यांच्याबरोबर गेलं. काकांकडं उरलं होतं एक जुनं पुस्तक, ज्याची पहिली काही पानं गेलेली, एक होकायंत्र, आणि एक दुर्बीण, जिच्या उजव्या डोळ्यात बुरशी. "डाव्या डोल्यानं बगायचं. उजवा डोला हेल्परला द्यायचा," असा त्यांचा नियम. आणि समोरच्या रस्त्यावरच्या दिव्याला शेड लावावी म्हणून ते आपल्याच जुन्या कचेरीत अर्ज घेऊन गेले. तिथल्या तरुण साहेबानं फाईल काढली आणि आदरानं म्हणाला, "काका, हा खांब तुमच्याच सहीनं लागलाय." काका म्हणाले, "मंग मीच सांगतो ना, चूक झाली!"

कचेरी सुटली तरी कचेरीची भाषा सुटली नाही. कराव्याची बोली आणि सरकारी फाईल यांची जी मिसळ त्यांच्या तोंडात तयार झालीय, ती मी दुसरीकडं कुठं ऐकलेली नाही. ढग आले की, "वरून स्टे आलाय." ग्रहण लागलं की, "चंद्रानं चार्ज दुसऱ्याकडं दिलाय, सकालपर्यंत परत घेल." शनी एका राशीत अडीच वर्षं राहतो, तर "याची बदली कोन करनार? वशिला हाय." नोटीस बोर्डावर त्यांच्या सूचना लागायच्या : 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, उद्या सायंकाळी चंद्र कृत्तिकांच्या पुंजक्यावरून जाणार असून काही तारका तात्पुरत्या बंद राहतील. तरी सर्वांनी गॅलरीतले दिवे मालवून सहकार्य करावे.' आमचे सेक्रेटरी देशमुखसाहेब ती काढून टाकायचे. "तांडेल, टेन्शन देऊ नका यार. 'बंद राहतील' वाचून लोक मला फोन करतात. पाणी बंद आहे का विचारतात."

माझी आणि काकांची ओळख एका ट्यूबलाइटमुळे झाली. मी नवनाथ, परांड्याचा. आमच्या घरात दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. मी बी.कॉम.पर्यंत पोचलो आणि दोन विषयांत अडकलो. मग न्हावा शेवा बंदरावर माल सोडवून देणाऱ्या एका एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं पोचवण्याच्या कामाला लागलो. आम्ही चार बॅचलर काकांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहत होतो. एका संध्याकाळी बेल वाजली. बॅचलरांच्या दारावर शेजारी येतो तो भांडायलाच येतो, म्हणून आम्ही आधी गाणी बंद केली. काका म्हणाले, "गानी चालू द्या. पन तुमची गॅलरीतली ट्यूब माज्या मृगाच्या अंगावर येते."

मृग म्हणजे नक्षत्र, हे मला कळलं. परांड्याला उन्हाळा लागला की आम्ही माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर झोपायचो, मृग मला लहानपणापासून ठाऊक. मी म्हटलं, "काका, आमच्याकडं त्याच्या पोटातला बाणसुद्धा दिसतो." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी कुठल्या मोठ्या साहेबाचा नातेवाईक निघालो.

पुढं सोसायटीच्या मीटिंगमध्ये बॅचलरांना काढायचा विषय निघाला. आम्ही मागं उभे होतो, सामान बांधायच्या तयारीत. काका उठले. "ही पोरं सात वाजता गॅलरीचा दिवा बंद करतात," ते म्हणाले. "या सोसायटीत असली किती कुटुंबं हायत, हात वर करा." कोणाचाच हात वर गेला नाही. आम्ही राहिलो.

मग एक दिवस त्यांनी माझे अडकलेले विषय काढले. "नाथा, पदवी अर्धी ठेवू नये. अर्धा खांब कोनाच्या कामाचा?" माझ्या खोलीत चौघांचा दंगा, म्हणून त्यांनी आपलं टेबल मला दिलं. रोज कामावरून आलो की मी त्यांच्या घरी त्या लाल बल्बाखाली कॉस्ट अकाउंटिंगचा अभ्यास करायचो. काकू मधूनच चहा ठेवून जायच्या. काकांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण मी आळस दिला की ते आतून म्हणायचे, "घाई नाय. डोल्याला जरा अंधार दे." मी पास झालो. निकाल मी आईला फोनवर सांगितला तेव्हा तिनं विचारलं, "म्हणजे आता संपलं ना रे?" मी म्हटलं, "संपलं." ती रडली. काकांनी मात्र दुसऱ्या दिवशी अमावास्या नसतानाही शिरा करायला लावला. नियमाला अपवाद म्हणून नोंद घ्यावी, असंही म्हणाले.

आता अगस्तीकडं येतो.

काका-काकूंची एकुलती एक मुलगी पल्लवी. ती ऑस्ट्रेलियात पर्थला नर्स आहे. तिचा फोन यायचा तो काकूंना. काका समोर असले तर त्यांच्या हातात फोन दिला जायचा, ते विचारायचे, "जेवलीस का?" ती "हो" म्हणायची, ती विचारायची, "तुम्ही जेवलात?" हे "हां" म्हणायचे, आणि फोन परत काकूंकडं. दोघांना एकमेकांशी भांडण नव्हतं. फक्त विषय नव्हता.

मग एकदा पल्लवी बोलता बोलता म्हणाली की इथं रात्री डोक्यावर एक मोठा पांढरा तारा असतो. काकांनी पुस्तक उघडलं. तो अगस्ती. आपल्याकडूनही दिसतो, थंडीत, दक्षिणेला क्षितिजाजवळ. काका दोन दिवस गच्चीवर दक्षिणेकडं तोंड करून बसले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः मुलीला फोन लावला. "पल्लवी, मला तुजा तारा दिसला."

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसातला फोन. आपल्याकडं साडेसात म्हणजे तिच्याकडं दहा. मी गच्चीवर असलो तर ऐकायचो. फोन फार छोटा.

"दिसतोय का?"

"हो बाबा, दिसतोय. तुम्हाला?"

"हां. मला पन दिसतोय. आज जरा लुकलुकतोय."

आणि मग थोडा वेळ कोणीच काही बोलायचं नाही. तरी फोन चालू असायचा.

या सुखाला एकच घोर होता. दक्षिणेच्या प्लॉटवरच्या जुन्या बिल्डिंगा पाडून तिथं टॉवर येत होता. काका त्याचे स्लॅब मोजायचे. "अजून दोन-चार स्लॅब पडले की दक्षिण गेली. पुढच्या थंडीत अगस्ती नाय. मंग पल्लवीला काय सांगू?" टॉवर कोणाच्या अर्जानं थांबत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून या एका थंडीत एकही संध्याकाळ चुकवायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

अगस्ती मात्र कधी कधी यायचाच नाही. आभाळ स्वच्छ आणि तारा गायब. काका फार मनाला लावून घ्यायचे नाहीत. "सदर तारा आज रजेवर हाय," असं पल्लवीला कळवायचे.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी काकांनी ठरवलं की सोसायटीलाही अगस्ती दाखवायचा. बोर्डावर सूचना लागली. यावेळी देशमुखसाहेबांनी ती काढली नाही. 'दर्शन' असा शब्द होता म्हणून असेल. बरीच माणसं आली. कोणी भेळ आणली, कोणी चटया. काकांची बसायची जागा ठरलेली होती. समोरच्या इमारतीवर एक मोठं झगमगतं होर्डिंग आहे. साबणाची जाहिरात लागली की आमची सगळी गच्ची निळी होते. त्यापासून वाचायचं तर पाण्याच्या टाकीच्या मागं बसायचं. टाकी उंच पायांवर उभी आहे. तिच्या पायांमधून दक्षिणेची एक पट्टी दिसते, लांब न्हावा शेवाच्या दिशेनं.

काकांनी सगळ्यांना तिथं अंधारात गप्प बसवलं, डोळे सरावू दिले आणि मग टाकीच्या पायांमधून बोट दाखवलं. "ते बगा."

खरंच होता. पांढरा, ठळक, एकटा. काही बायकांनी हात जोडले. काकांनी अगस्ती ऋषींनी समुद्र पिऊन टाकल्याची कथा सांगितली. "आमच्या खाडीचं पानी एक घोट पिला असता, तर परत प्यायची हिंमत नसती झाली," असंही वर जोडलं. लोक हसले. काका इतके खूश मी कधी पाहिले नव्हते.

तेवढ्यात पुढं बसलेली एक मुलगी म्हणाली, "आजोबा, तारा खाली येतोय."

"मावलतोय. याला अस्त म्हनतात," काका म्हणाले.

पण अस्त फारच घाईत होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तारा एका मोठ्या कमानीत हळूहळू खाली उतरला, आडवा थांबला, आणि त्याच्या शेजारी आणखी सहा-सात दिवे भपकन लागले.

मी रोज त्या बंदरावर जातो. जहाज धक्क्याला लागलं की क्रेनचा उभा केलेला लांब हात असाच आडवा खाली येतो. त्याला आम्ही बूम म्हणतो. मला कळलं होतं, पण मी गप्प होतो. देशमुखसाहेबांनी नेमकं मलाच विचारलं, "नवनाथ, तू तिकडंच कामाला ना? काय आहे रे ते?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. काकासुद्धा.

"क्रेन आहे," मी म्हटलं. "जहाज लागलंय."

काका माझ्याकडं बघत राहिले. रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कोनतं जहाज?"

मला माहीत नव्हतं.

मग हशा झाला. "तांडेल, तुमच्या अगस्तीला ओव्हरटाइम मिळतो का हो?" "रजेवर नव्हता, माल उतरवत होता बिचारा!" काकाही सगळ्यांबरोबर हसले, चटया गोळा करायला लागले. तेव्हाच त्यांच्या खिशातला फोन वाजला. साडेसात कधीच होऊन गेले होते. काकांनी फोन बाहेर काढला, नाव वाचलं, आणि वाजता वाजता तो तसाच परत खिशात ठेवला.

त्यानंतर ते गच्चीवर गेले नाहीत. संध्याकाळी घरातच बसायचे, लाल उजेडात. पल्लवीचा फोन आला की काकूंना खुणेनं सांगायचे, ढग आहेत म्हण. फेब्रुवारीत आमच्याकडं ढग नसतात. चौथ्या-पाचव्या दिवशी काकू माझ्याकडं आल्या. "पल्लवी विचारते, आई, मोबाईलवर तर तुमचं आभाल रोज साफ दाखवतंय, बाबांना बरं नाय का? मी काय सांगू तिला?" मग म्हणाल्या, "लोक हसले त्याचं यांना काय नाय रे. लोक पैल्यापासून हसतात. हे म्हनतात, पोरगी तिकडं खरा तारा बगत होती आनि मी इकडं क्रेन बगत होतो. आपन एका ठिकानी बगतच नव्हतो."

त्या संध्याकाळी मी एकटा गच्चीवर गेलो. मला ताऱ्यांतलं फार कळत नाही, पण एक गोष्ट खटकत होती. आमच्या गावी अगस्ती मी पाहिला होता की नाही, आठवत नव्हतं. पण इतका खाली, जमिनीला टेकलेला कुठला मोठा तारा पाहिल्याचं आठवत नव्हतं. मी काकांच्या जागेवर बसलो. समोर टाकीचे पाय, त्यांच्यामधून बंदर. वर नुसती टाकी. मग उठलो आणि टाकीच्या पुढच्या बाजूला गेलो. होर्डिंगचा उजेड थेट डोळ्यांवर आला. तो अडवायला मी हात पुढं धरला. आणि माझ्या पंजाच्या वर, दक्षिणेला, लांब केलेल्या हाताची एक वीत होईल एवढ्या उंचीवर तो होता. शांत, पांढरा, मोठा. मी काकांचा नियम मोडून मोबाईल काढला आणि खात्री केली. अगस्तीच.

जी टाकी काकांना होर्डिंगपासून वाचवत होती, तिच्याचमागं तो सगळी थंडी उभा होता. पुस्तकात 'क्षितिजाजवळ' लिहिलं होतं. काकांनी तो प्रामाणिकपणे क्षितिजाजवळच शोधला. आणि त्यांचं होकायंत्र लोखंडी शिडीपाशी ठेवलेलं असायचं, त्यामुळं दक्षिणही थोडी बंदराकडं सरकली होती.

मी धावत खाली गेलो. काका म्हणाले, "मी नाय येत. टॉवर येऊ दे. बरंच होईल."

मग मी त्यांच्याच भाषेत म्हटलं, "काका, चौकशी पूर्ण झाली. सदर तारा रोज हजर होता. त्याचा गैरहजेरीचा शेरा रद्द करायचा आहे, आणि त्यावर सही तुमची लागते."

ते उठले. मागोमाग काकूही.

वर आल्यावर होर्डिंगनं घात केला. साबणाची जाहिरात सुरू झाली की काकांचे डोळे दिपायचे, त्यांना काहीच दिसेना. काकू खाली जाऊन डबल बेडची चादर घेऊन आल्या. एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि होर्डिंगच्या आड पडदा केला. तरी वाऱ्यानं तो मधेच पडत होता. तेवढ्यात देशमुखसाहेब वर आले. कोणीतरी तक्रार केली असावी.

"तांडेल, गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत असा ठराव आहे."

"वालत नाय घातलीय, धरलीय," काकू म्हणाल्या. "तुमी हे टोक धरा, माजा हात दुखतो."

देशमुखसाहेबांनी टोक धरलं. त्यांना नंतरही कळलं नसेल की त्यांनी ते का धरलं.

काका चादरीच्या आड उभे राहिले. मान हळूहळू वर नेली. मग म्हणाले, "एवढा वर?"

"हो."

"मी खाली बगत होतो रे." आणि पुन्हा वर बघून, "याला जहाज तर नाय ना लागनार?"

आम्ही सगळे थांबलो. तो खाली आला नाही. काकांनी स्वतःची खात्री होईपर्यंत वाट बघितली आणि मग फोन लावला. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू होता.

"बाबा! ढग गेले?"

"ढग नव्हते," काका म्हणाले. "पल्लवी, तो तारा नव्हता. क्रेनचा दिवा होता, बंदरावरचा. सगली थंडी मी क्रेन बगत होतो. तू बगत होतीस तो खरा. आता दिसला मला. म्हटलं, तुला सांगावं."

मग ती हसायला लागली, आणि हसता हसता मधेच थांबली.

"बाबा, मी कुठं बघत होते! दहा वाजता माझी शिफ्ट असते. आमच्या वॉर्डला खिडकीसुद्धा नाही. पहिल्या दिवशी बघितला तेवढाच. तुम्ही इतक्या आवडीनं विचारायचात, मी आपलं हो म्हणायचे."

काकांनी फोनकडं बघितलं, मग ताऱ्याकडं, मग पुन्हा फोनकडं.

"म्हंजे तू पन बगत नव्हतीस, मी पन बगत नव्हतो. मंग रोज साडेसातला आपन दोघं काय करीत होतो?"

"बोलत होतो, बाबा."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. काकूंनी तोंड दुसरीकडं वळवलं.

"थांबा, ठेवू नका," पल्लवी म्हणाली. पावलांचा आवाज आला, कुठलंसं दार उघडल्याचा, मग वाऱ्याचा. "हां. आले बाहेर. पार्किंगमध्ये आहे. कुठं बघू? काहीच दिसत नाहीये."

"वर, पार वर. तुज्याकडं तो डोक्यावर असतो," काका म्हणाले. "दिव्यापासून जरा लांब हो. घाई नाय. डोल्याला जरा अंधार दे."

आम्ही चादर धरून उभे होतो. देशमुखसाहेबांनी दोनदा हात बदलला, पण टोक सोडलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर काका-काकू पल्लवीच्या बाळंतपणासाठी पर्थला गेले. काका संध्याकाळनंतर मोबाईलवर मेसेज वाचत नाहीत आणि दिवसा त्यांना चष्मा सापडत नाही, म्हणून मी त्यांना कागदावर पत्र पाठवलं. ते असं :

ती. काका यांस,
सा. न.

आपल्या अनुपस्थितीत इथल्या आभाळाचा चार्ज माझ्याकडं आहे. कामकाज सुरळीत चालू आहे, वरून स्टे नाही.

टॉवर आता खूप वर गेला आहे. परवा गच्चीवर टाकीच्या दोन्ही बाजूंनी बघितलं, अगस्ती दिसत नाही. तुम्ही विचाराल म्हणून आधीच लिहितो. पण काल बंदरावर उशीर झाला, यार्डातून बाहेर पडताना सहज वर बघितलं तर तो होता. खाली आपली क्रेन, वर तो. बूम उभा होता. मी दोघांनाही नमस्कार केला. शेजारी उभ्या ट्रक ड्रायव्हरनं विचारलं, "क्या देख रहे हो?" मी त्याला दाखवला. तो म्हणाला, "मैं तो रोज़ देखता हूँ, नाम नहीं मालूम था।" मी नाव सांगितलं.

अमावास्येला मी शिरा केला होता. जरा लागला खाली. तळमजल्यावरच्या वहिनींना दिला, शुभेच्छाही दिल्या. त्यांनी घेतल्या. त्यांच्या दारावरचा बल्ब आता सातला बंद असतो. देशमुखसाहेबांनी ती चादर परत दिलेली नाही, सोसायटीची मालमत्ता म्हणतात. कधीतरी लागेल म्हणून कपाटात ठेवली आहे.

आई पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच इकडं येते आहे. तिला तुमचं टेबल दाखवायचं आहे.

पल्लवीताईंना नमस्कार. बाळ रात्री जागं राहत असेल तर ते तुमच्यावर गेलं असं समजावं. तिथं अगस्ती डोक्यावर येतो, तेव्हा मान दुखेल. खुर्ची तिरकी ठेवा.

चावी माझ्याकडं आहेच. रोज सातला तुमच्या घरी जाऊन लाल दिवा लावतो आणि थोडा वेळ टेबलापाशी बसतो. देशमुखसाहेब म्हणाले, "बरं करतोस, लोकांना वाटेल तांडेल घरीच आहेत." मी त्यांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. मी तो लोकांसाठी लावत नाही.

आपला,
नवनाथ